नोटेवरचा मेंढा आणि घरची मालकीण

ऑस्ट्रेलियात 1966 साली डॉलर आला, तेव्हा दोन डॉलरच्या हिरव्या नोटेवर जॉन मॅकार्थरचा चेहरा छापला आणि सोबत एक दणकट मेरिनो मेंढा. लोकरीच्या धंद्याचा जनक म्हणून हा मान. 1988 मध्ये नोटेच्या जागी नाणं आलं, जनकपद मात्र तसंच राहिलं. पण या जनकाच्या आयुष्यातल्या तारखा नुसत्या एकाखाली एक मांडून पाहा. धंदा मूळ धरत होता, त्यातली बरीच वर्षं स्वारी घरी नव्हतीच.

मॅकार्थर 1790 मध्ये लष्करी अधिकारी म्हणून सिडनीला उतरला. बरोबर तेवीस वर्षांची बायको एलिझाबेथ आणि लहानगा मुलगा एडवर्ड. वाटेत जहाजावर एक मुलगी झाली आणि तिथेच गेली. 1793 मध्ये पॅरामॅटाला शंभर एकर जमीन फुकटात मिळाली, वर राबायला सरकारी कैदी. तिथे बांधलेल्या विटांच्या घराला त्याने बायकोचं नाव दिलं, एलिझाबेथ फार्म. पुढच्या वर्षी कलकत्त्याहून आलेली बंगाली मेंढ्या-कोकरांची साठ डोकी त्याने विकत घेतली. या मेंढ्यांच्या अंगावर लोकर नाही, केस. आयर्लंडच्या मेंढ्यांशी त्यांचा संकर झाला, तेव्हा पिल्लांच्या अंगावर केसांत मिसळलेली लोकर दिसली, आणि इथे लोकर होऊ शकते हे त्याच्या डोक्यात शिरलं. ऑस्ट्रेलियाच्या वैभवाला असा थोडासा हुगळीचा हातभार आहे.

डोकं चालायचं, तसंच ते भडकायचंही. 1801 मध्ये वरिष्ठ अधिकारी पॅटरसनशी द्वंद्व खेळून त्याला गोळी घातली. गव्हर्नर किंगने त्याला खटल्यासाठी इंग्लंडला धाडलं. तिथे या बहाद्दराने लोकरीचे नमुने दाखवून मंत्र्यांनाच पटवलं आणि 1805 मध्ये परतला तो राजाच्या कळपातले मेरिनो आणि पाच हजार एकरांचं आश्वासन घेऊन. त्यातूनच कॅम्डनची जहागीर उभी राहिली. 1808 मध्ये गव्हर्नर ब्लायला पदावरून खेचणाऱ्या बंडात तो पुढे होता. त्यापायी 1809 मध्ये पुन्हा इंग्लंड गाठावं लागलं. परत पाऊल टाकलं तर अटक ठरलेली, म्हणून तो 1817 पर्यंत तिकडेच अडकला. अटकेचा हुकूम होता गव्हर्नर मॅक्वारीकडे. हे मॅक्वारीसाहेब तरुणपणी आपल्या मुंबईत पलटणीत होते आणि पहिलं लग्नही त्यांनी इथेच केलं होतं.

दोन्ही फेऱ्या मिळून बारा वर्षं होतात. या काळात कोणता मेंढा कोणत्या कळपात सोडायचा, लोकर कधी कातरायची, कोणत्या जहाजाने पाठवायची, कैद्यांना शिधा किती द्यायचा, हे एलिझाबेथबाई बघत होत्या. नवऱ्याच्या सूचना पत्राने यायच्या, त्याही महिनोन्‌महिने उशिरा. 1822 मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने लोकरीसाठी सुवर्णपदकं दिली ती अर्थात नवऱ्याला. बाईंनी मोजलेली किंमत वेगळीच होती. मुलगा जॉन सातव्या वर्षी शिकायला इंग्लंडला गेला. पुढे तो वकील झाला आणि 1831 मध्ये तिकडेच वारला. आईला तो पुन्हा दिसला नाही. अखेरीस मॅकार्थरचं डोकं फिरलं. त्याने बायकोवर व्यभिचाराचा आळ घेऊन तिला घराबाहेर काढलं, तेही तिचंच नाव असलेल्या घरातून. 1834 मध्ये तो गेला. बाई 1850 पर्यंत जगल्या.

ते घर आज संग्रहालय आहे. त्याला लागूनच हॅरिस पार्क, म्हणजे सिडनीचं ‘लिटल इंडिया’. विग्रॅम स्ट्रीटवर चाट-डोसे हाणून भाचीबरोबर तिथे गेलो. सवयीने हात मागे बांधून उभा राहिलो, तर ती म्हणाली, “मामा, बस की त्या खुर्चीवर. इथे सगळ्याला हात लावायला परवानगी आहे.” सामान सगळं नकला करून मांडलेलं, त्यामुळे दोऱ्या नाहीत, पाट्या नाहीत. मेजावरचे कागद चाळायचे, खोल्यांतून हिंडायचं. बैठं घर, खाली उतरलेलं छप्पर, रुंद व्हरांडा. भाची खूश होती: “बघ, शेवटी खरी मालकीण कोण ते लोकांना कळायला लागलं.”

कळायला लागलं हे खरंच. अलीकडे बाईंवर चरित्र आलं, कादंबरी आली. पण नवऱ्याचं नाव खोडून बायकोचं लिहिलं की हिशेब मिटला, असं मला वाटत नाही. पॅरामॅटा तिथल्या मूळ रहिवाशांचं, बुरामट्टागल लोकांचं. ब्रिटिश अधिकाऱ्याने इनाम दिलेली ती जमीन त्याच्या बापजाद्यांची नव्हती. कॅम्डनजवळच्या ॲपिनला एप्रिल 1816 मध्ये मॅक्वारीच्या सैनिकांनी धरावल लोकांवर रात्री हल्ला केला. गोळ्यांनी आणि कड्यावरून पडून निदान चौदा जण मेले, त्यात बायका-मुलंही होती. मॅकार्थर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. कळपांना चराईची कुरणं मोकळी होत होती आणि कळप बाईंच्या ताब्यात होते.

बाईंना ही माणसं परकी होती असंही नाही. 1791 मध्ये, शंभर एकर मिळण्याच्या दोन वर्षं आधी, त्यांनी मायदेशी एक पत्र लिहिलं. मूळ रहिवाशांपैकी कोल्बीची बायको दरिंगा आपली नवजात मुलगी दाखवायला घेऊन आली होती, बाळ झाडाच्या मऊ सालीत गुंडाळलेलं होतं, आणि त्या सालीचा एक तुकडा आपण जपून ठेवलाय, असं त्यात आहे. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची व्यवस्थाही त्यांनी करवली. स्वतःचं बाळ गमावून वर्षच झालेल्या बाईची ही माया खोटी म्हणवत नाही. पण ती माया जमिनीच्या एका एकराच्याही आड आली नाही. नोटेवरच्या नवऱ्यापेक्षा ही बाई मला कितीतरी जास्त आवडते, आणि म्हणूनच तिला नुसती ‘उपेक्षित नायिका’ करून सोडून देणं पटत नाही. अर्धी मेहनत तिची होती, तर त्या जमिनीचं अर्धं उत्तरदायित्वही तिचंच.