सायकलस्वाराचा रस्ता

हैदराबादच्या बाह्य वर्तुळमार्गालगत २०२३ साली सौर पॅनेलांच्या छपराखालचा २३ किलोमीटरांचा सायकलमार्ग खुला झाला. उपक्रम स्तुत्य, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु तो जातो शहराच्या पश्चिम कडेने. पहाटेच्या व्यायामाला उत्तम! जुन्या शहरातील कारागीर सायकलवरून कामाला निघतो तो बस-मोटारींच्या गर्दीतूनच, आणि आमच्या गोव्यातला पदेरही पाव घेऊन तसाच जातो. सायकलस्वाराने रात्री दिवा लावावा, डावी बाजू सोडू नये, हे मान्य. मात्र चूक कोणाचीही असो, मोटारीला पोचा येतो आणि सायकलवाल्याचा पाय मोडतो. तेव्हा पुढे जाताना दीड मीटर अंतर राखणे, दार उघडण्यापूर्वी मागे पाहणे ही जबाबदारी मोटारचालकाचीच. ती त्याला पाळायला लावण्याचे काम पोलिसांनी अंगावर घ्यावे.