मनाचे घाव हाताळणारी माणसं इथेच घडवा

प्रति,
मा. संचालक आणि सर्व अध्यापक,
टाटा सामाजिक विज्ञान संस्था,
तुळजापूर परिसर, जि. धाराशिव



एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मोठा आघात सोसलेल्या माणसांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी आपण तुळजापुरात वर्षभराचं प्रशिक्षण सुरू करावं. ते मराठीतून असावं, प्रत्यक्ष कामासह असावं आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावं. मी उमरगा तालुक्यात समुपदेशनाचं काम करते. पत्र खुलं लिहिण्याचं कारण असं की ही गरज माझ्यासारख्या चार जणींची नाही, सगळ्या जिल्ह्याची आहे.

३० सप्टेंबर १९९३ या तारखेची ओळख आपल्याला करून द्यायला नको. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने औसा, उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातली गावं कोसळली. दगडाच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर माणसांच्या अंगावर आलं. लातूर आणि आपल्या अशा दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. पुनर्वसनात लोकांचा सहभाग असावा म्हणून आपल्या संस्थेची माणसं तेव्हा गावोगाव फिरली आहेत. नवी पक्की घरं मिळूनही कित्येकजण पुढची अनेक वर्षं अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिले. साधा ट्रक गेला तरी बायका लेकरं घेऊन बाहेर धावत. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा या भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्यावरचा अभ्यास इथेच झाला. आपत्तीनंतर नुसत्या घराचं नाही तर मनाचंही बघावं लागतं, हे धोरण ठरवणाऱ्यांपुढे ठामपणे मांडायला त्या कामाची मदत झाली.

पण ते ज्ञान इथे मुरलं नाही. तज्ज्ञ आले, त्यांनी मनापासून काम केलं, प्रकल्प संपले आणि ते परत गेले. ते काम पुढे नेणारी फळी जिल्ह्यात घडली असती, तर तीस वर्षांत तिने दुसरी पिढी तयार केली असती. आज उमरग्याच्या एखाद्या बाईला नीट उपचार हवे असले तर आम्ही तिला सोलापूरची, नाहीतर पुण्याची गाडी दाखवतो. ती एकदा जाते. दुसऱ्यांदा जात नाही. रोजगार बुडतो, भाडं परवडत नाही आणि सोबत यायला कोणी नसतं.

भूकंप जुना झाला, पण आघात थांबलेले नाहीत. शेतकरी आत्महत्येनंतर घरात काय घडतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षण कशासाठी हवं ते त्यातून कळेल. पोलीस पंचनामा करतात. तलाठी येऊन सातबारा, बँकेचं कर्ज, सावकाराची चिठ्ठी असं सगळं विचारतो. मग पुढारी येतात, वार्ताहर येतात, नातेवाईक येतात. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे मिळणारं एक लाखाचं साहाय्य, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, प्रकरण ‘पात्र’ ठरलं तरच मिळतं. म्हणून त्या घरातली बाई प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगते. कधी पाहिलं, कसं पाहिलं, आदल्या रात्री ते काय बोलले. सगळ्यात शेवटी समुपदेशक पोहोचतो आणि तोही म्हणतो, ‘ताई, मन मोकळं करा, काय झालं ते सांगा.’ त्याचा हेतू चांगलाच असतो. पण नुकत्याच घडलेल्या आघाताचा तपशील एका बैठकीत बोलायला लावू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे. त्याने बरं वाटत नाही, उलट काहींना त्रास होऊ शकतो. हे त्या समुपदेशकाला कोणी शिकवलेलंच नसतं.

एका ताईंचं सांगते, ओळख पटणार नाही इतपतच. नवऱ्याने गोठ्यात जीव दिला. त्यानंतर त्या गोठ्याकडे बघतही नसत. हौदावर जायची वाट गोठ्यापुढून होती, म्हणून डोक्यावर हंडा घेऊन सगळ्या आळीला वळसा घालून यायच्या. दवाखान्यात त्यांनी कधी दुःख सांगितलं नाही. अंगाची आग होते, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, एवढंच सांगायच्या. सलाईन लावून घरी पाठवायचे. अशा बाईसमोर शिकलेला माणूस आधी वेगळेच प्रश्न विचारतो. रात्री जवळ कोण झोपतं? जेवण जातं का? पोरं शाळेत जातात का? दीर जमिनीवरून भांडतो का? पाय जमिनीवर टेकवून श्वास सावकाश घ्यायला तो शिकवतो. महिना-दोन महिने घडल्या प्रसंगाचा विषयच काढत नाही. घराला थोडी सुरक्षितता आली, झोप लागायला लागली, की मग त्या आठवणीकडे वळायचं, आणि तेही तिच्या चालीने. गोठ्यापर्यंत आधी सासूला सोबत घेऊन, मग एकटीने. आधी सुरक्षितता, मग आठवण, मग पुन्हा माणसांत येणं, हा क्रम अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडला. तो पुस्तकात वाचून समजतो. हाताला वळण लागायला मात्र शेजारी कोणीतरी बसावं लागतं.

आमच्या वाट्याला जे प्रशिक्षण येतं ते दोन दिवसांचं असतं. सभागृहात फलक लागतो, पडद्यावर इंग्रजी मजकूर सरकत राहतो, दुपारी जेवण होतं आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मिळतं. तिसऱ्या दिवशी समोर अत्याचार झालेली चौदा वर्षांची मुलगी येऊन बसते. ती एक शब्द बोलत नाही आणि विचारायला कोणीच नसतं. योजना आल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. २०१५ साली शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प आला आणि आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघर गेल्या. त्याच वर्षी बळीराजा चेतना अभियानासाठी राज्यातून यवतमाळ आणि आपला जिल्हा निवडला गेला. २०२२ पासून टेलिमानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. या सगळ्यांतून त्रासात असलेला माणूस सापडतो. पण सापडलेल्या माणसाजवळ वर्षभर बसणारा कोण?

हे काम फक्त मोठ्या पदव्या घेतलेल्यांचं आहे, हे मला पटत नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना समुपदेशनासाठी तयार केलं. प्रशिक्षणानंतर त्यांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकली जात आणि सहकारीच एकमेकांना गुण देऊन कुठे घाई झाली, कुठे ऐकायचं राहिलं ते दाखवत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी २००० साली हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं, तेव्हा रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच शिकवून पुढचे प्रशिक्षक घडवले. आपल्या जिल्ह्यातही अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलंच की. अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या बाया गावाचं आरोग्य सांभाळू शकतात, तर समाजकार्य शिकलेली, आशा म्हणून दहा वर्षं पायपीट केलेली, सखी केंद्रात रोज हेच बघणारी बाई हेही शिकेल. मात्र तिला एकटं सोडू नका.

आपल्याकडेच का येते, तर आपण १९८६ पासून इथे आहात. मुंबईत पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली आपल्याच संस्थेने सुरू केला आणि फोनवरून समुपदेशन करणारी आयकॉल सेवाही आपलीच. जे अनुभव आपल्या संस्थेने महानगरात कमावले ते या माळरानावर आणायला दुसरं कोण आहे? धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषधोपचाराची बाजू त्यांनी सांभाळावी, बाकीची आपण.

अभ्यासक्रमात इथलं जगणं असावं. पती गेलेल्या बाईच्या जमिनीच्या वाटणीचा कायदा असावा, कारण तो प्रश्न सुटल्याशिवाय तिला झोप लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे राहिलेली मुलं असावीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात परंडा-भूम भागात ज्यांची जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली, ती माणसं असावीत. आणि आपल्या दारात भवानीचं मंदिर आहे. तिथे अंगात येणाऱ्या बायका आपण रोज पाहता. त्यांतल्या काहींचं ते वारं म्हणजे वर्षानुवर्षं दाबलेला मार आणि अपमान असतो. त्यांची श्रद्धा न दुखावता त्यांच्याशी बोलायचं कसं, हे परदेशी पुस्तकात मिळणार नाही. ते इथेच, पुजारी, आराधी आणि त्या बायकांना सोबत घेऊन शिकावं लागेल.

शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरावी. दिवसाला चार घरांचं दुःख ऐकणारी बाई रात्री घरी जाऊन भाकरी थापते तेव्हा ते तिच्यासोबत असतं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी यामुळेच काम सोडलं. एकीला गळफासाची स्वप्नं पडत. दोघी अकरा महिन्यांच्या करारावर होत्या आणि त्यांना आजारपणाची रजाही नव्हती. समुपदेशकाने स्वतःसाठी कोणाकडे तरी बसणं हा शिक्षणाचा भाग असावा, आणि त्या वेळेचा पगार मिळावा असं आपण शासनाला आपल्या शब्दांत सांगावं. आमच्या शब्दांना वजन नाही, आपल्या शब्दांना आहे.

पहिली तुकडी वीस जणांची असली तरी पुरे. आठही तालुक्यांतून माणसं घ्या. महिन्यातून तीन दिवस तुळजापुरात वर्ग आणि उरलेले दिवस आपापल्या गावात काम ठेवा. दर आठवड्याला एक ठरलेली दुपार अशी असू द्या की प्रत्येकाने आपली अवघड केस घेऊन यावं आणि कोणीतरी ती शांतपणे ऐकावी. आमच्या बाजूने नावं गोळा करायला सुरुवात केली आहे. उमरगा आणि लोहाऱ्यातून अकरा जणी तयार आहेत. त्यांच्यातल्या तिघी भूकंपाच्या वेळी पाळण्यात होत्या. आपण वेळ द्याल त्या दिवशी आम्ही यादी घेऊन तुळजापूरला येतो.

आपली,
उमरगा तालुक्यातली एक समुपदेशक