भाचीला रोग झालेला नाही

माझी भाची डॉक्टर आहे. एम.डी. झाली, वर्षभर सीनियर रेसिडेंट म्हणून राबली आणि यंदा त्याच कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून लागली. घरी पेढे वाटले. गणपतीत ती आली, तेव्हा मात्र मोदकाला हात लावीना. म्हणाली, "मामा, कालपर्यंत राउंडला मी मागे चालायची. आता सगळे थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. वाटतं, कुणीतरी येऊन सांगेल, या बाई इथं चुकून आल्यात."

एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने निदानही करून टाकले होते: इंपोस्टर सिंड्रोम!

हे निदान मला मुळीच मान्य नाही. मी पडलो मॅट्रिक, कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. पण हा प्रश्न डॉक्टरकीचा नसून मास्तरकीचा आहे, म्हणून बोलतो. 1978 साली पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कर्तबगार स्त्रियांच्या या अनुभवावर लेख लिहिला, तेव्हा 'सिंड्रोम' नव्हे, 'फिनॉमिनन' म्हटले होते. रोगाचा शिक्का मागून बसला. शिक्क्याने सोय मोठी होते. दोष मुलीच्या मनात, कॉलेज निर्दोष!

अहो, पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवायची तर दोन वर्षांची पदविका लागते. (माझ्याजवळ तीही नाही, तपासणीला साहेब आले की माझे पाय अजून लटपटतात.) आणि रोग्याच्या खाटेशी उभे राहून शिकवायचे, तर काही दिवसांचा अभ्यासवर्ग पुरतो! एम.डी.च्या तीन वर्षांत तिला रोगी तपासायला शिकवले. शिकवायला कोणी शिकवले?

त्यातून तिथली रीत अशी, की 'मला ठाऊक नाही' म्हटले की अब्रू गेली. परवा एका विद्यार्थ्याने औषधाची मात्रा विचारली. हिने ठामपणे सांगितली. रात्री पुस्तक उघडून पाहिले, तर बरोबर होती. तरी झोप आली नाही. मन खचलेच तर उपचार जरूर घ्यावेत, पण रात्री पुस्तक उघडायला लावणारी ही शंका घालवायची कशाला? मोडायची ती ठामपणाची सक्ती. उद्या त्या खाटेवर तुम्ही-आम्हीच असणार!

मी तिला एवढेच म्हणालो, "वर्गात अडलं तर मी शब्दकोश मागवतो."

अनंत चतुर्दशीनंतर तिचा फोन आला. राउंडवर प्रश्न आला, तेव्हा ती म्हणाली होती, "ठाऊक नाही. पुस्तक आणा." एक मुलगी धावत जाऊन घेऊन आली. विभागप्रमुख दारातच उभे होते. काही बोलले नाहीत म्हणे.