वास्तू, छायाचित्र आणि उसनी साक्ष

आधुनिकतावादी वास्तू संगणकावर पुन्हा घडवणाऱ्या प्रतिमांविषयीचे लेखन बहुधा थक्क होण्यापलीकडे जात नाही. ‘छायाचित्र की संगणकचित्र, ओळखूच येत नाही’ हा त्यातला परमोच्च गौरव. पण हा गौरव वास्तूचा नाही, छायाचित्राच्या नकलेचा आहे.

अ‍ॅलेक्स रोमन यांचा ‘द थर्ड अँड द सेव्हन्थ’ (२००९) हा संपूर्णपणे संगणकनिर्मित लघुपट घ्यावा. त्यात लुई कान यांचे एक्झेटरचे ग्रंथालय दिसते. काँक्रीटमधली ती प्रचंड वर्तुळे दिसतात. मात्र जवळचे स्पष्ट आणि मागचे धूसर, हा धूसरपणा वास्तूचा नव्हे, भिंगाचा आहे. अशा प्रतिमांत तरंगते धूलिकण, भिंगावरची चकाकी, कडांचा काळोख हे सारे हेतुपुरस्सर घातले जाते. जे छायाचित्रकाराच्या नाइलाजाने येत असे, ते इथे अलंकार होऊन येते.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ साली फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकावर बोट ठेवले होते. कथानकाला त्याचा उपयोग नाही. ‘मी वास्तव आहे’ एवढेच तो सांगतो. संगणकातली धूळ हा तोच वायुभारमापक. फरक इतकाच, की फ्लोबेरचा वाचक कथा वाचतो आहे हे जाणून असतो. इथे प्रेक्षकापुढे साक्षीदाराचा वेष घेतलेली कथा येते.

यावर ठरलेला प्रतिवाद असा, की छायाचित्र तरी कुठे निष्पाप होते? ज्यूलियस शुल्मन यांचे पिअर कोनिगच्या ‘केस स्टडी हाउस क्र. २२’चे १९६० मधले छायाचित्र रचलेलेच आहे. दोन तरुणी मुद्दाम बसवलेल्या. शहराच्या दिव्यांसाठी दीर्घ प्रकाशन, मग आतल्या दालनासाठी झगझगता झोत. हे सर्व मान्य. पण लॉस एंजेलिसचे दिवे शुल्मन यांनी लावलेले नव्हते. ते कुणाच्या तरी घरात, रस्त्यावर खरोखर जळत होते आणि न विचारता ठशात उतरले. रचना करणाऱ्याच्या इच्छेबाहेरचे काही आत शिरू शकते, हे छायाचित्राचे मर्म. संगणकही यादृच्छिकता निर्माण करतो खरा. पण ती गणिताची असते, जगाची नव्हे. ‘सर्वच प्रतिमा रचित’ असे म्हणून हा भेद पुसणे म्हणजे उत्तर-संरचनावादाच्या नावाखाली केलेला आळस होय.

तंत्रालाच दोष देण्याचे मात्र कारण नाही. केंट लार्सन यांनी कान यांच्या न बांधल्या गेलेल्या वास्तू, उदाहरणार्थ जेरुसलेमच्या हुर्वा सिनेगॉगचा आराखडा, संगणकावर उभ्या केल्या. त्यांचे पुस्तक २००० साली आले. ‘न बांधलेल्या’ हा शब्द त्याच्या शीर्षकातच आहे. त्या प्रतिमा ‘असे झाले असते’ एवढेच म्हणतात, आणि तेवढ्यापुरत्या त्या समीक्षेचेच काम करतात. एक्झेटरचे ग्रंथालय मात्र गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून विटांत उभे आहे. ज्याच्यासमोर आजही कॅमेरा ठेवता येतो, त्याची कॅमेऱ्यावाचूनची ‘छायाचित्रे’ नेमकी कशाची साक्ष देतात, याचे उत्तर त्यांचे चाहते अजून देणे लागतात.