गाडी थांबवण्याचा अधिकार आम्हाला हवा

रुग्णवाहिकांवरची चर्चा आपल्याकडे गाड्यांच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 2014 साली राज्यात 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांची. त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक आणि 704 प्राथमिक जीवरक्षक. या सेवेने असंख्य माणसांना वेळेवर दवाखाना गाठून दिला, याबद्दल दुमत नाही. पण गाडी दारात येऊन उभी राहिली की उपचार सुरू झाले, असं होत नाही. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती उरलाय, स्ट्रेचरचं लॉक बसतं का, गाडी चालवणारा किती तास जागा आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मी बीएएमएस डॉक्टर आहे आणि सह्याद्रीच्या घाटातल्या एका तालुक्यात रुग्णवाहिकेवर काम करते. गाडीच्या मागच्या भागात काय चालतं, ते रोज बघते.

ऑक्सिजनचंच घ्या. लहान, बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटर लावला तर तो अडीच तास पुरतो. ड्यूटी हातात घेताना सिलिंडरच्या दाबाचा काटा 150 ऐवजी 50 वर असेल तर हाती उरतात पन्नास मिनिटं, आणि मोठं रुग्णालय घाट उतरून दीड तासावर. काटा बघितला, नोंद केली, फोन केला, तरी ‘सिलिंडर बदलून मिळेपर्यंत गाडी निघणार नाही’ असं म्हणायची आम्हाला मुभा नाही. कॉल आला की निघायचं आणि वाटेतल्या दवाखान्यात सिलिंडर मागायचा. कधी सिलिंडर काठोकाठ भरलेला असतो, पण तो उघडायची चावीच आधीच्या पाळीत कुठे तरी राहिलेली असते. त्या लोखंडी चावीवाचून भरलेला सिलिंडर रिकाम्यासारखाच.

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. तीस दाब झाले की दोन श्वास. पायलट, म्हणजे आमचे चालक, गाडी चालवत असतात, म्हणून मागे मी एकटी. श्वास द्यायची अम्बू बॅग रुग्णाच्या भावाच्या हातात द्यायची आणि सांगायचं, ‘दादा, मी म्हणेन तेव्हाच दाबा.’ पुढून पायलट भाऊ ओरडतात, ‘मॅडम, धरा, वळण आलं!’ हात छताच्या दांडीकडे गेला की दाब थांबतो. बेल्ट लावावा तर छातीपर्यंत हात पोचत नाहीत. त्यात स्ट्रेचरचं लॉक सैल असेल तर प्रत्येक दाबासरशी स्ट्रेचर सरकतो आणि निम्मी ताकद वाया जाते. सर्व्हायकल कॉलर, सक्शन मशीन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या यांचंही तेच. यादीत सगळं असतं. चालू स्थितीत आहे का, हे कळतं ते नेमकं गरज पडते तेव्हा.

रुग्णालयात पोचलं तरी सुटका नसते. कॅज्युअल्टीत खाट रिकामी नसली की रुग्ण आमच्याच स्ट्रेचरवर राहतो आणि स्ट्रेचर सुटेपर्यंत गाडी बाहेर उभी. तिकडे आमच्या तालुक्यात दुसरा कॉल येऊन पडलेला असतो. स्ट्रेचर मिळाला की गाडी धुवायची. सांडलेलं रक्त पुसून त्या जागी 1 टक्का हायपोक्लोराइट टाकायचं आणि निदान दहा मिनिटं तसंच ठेवायचं, असा नियम आहे. ती दहा मिनिटंही बहुतेक वेळा मिळत नाहीत. त्याच फरशीवर पुढची बाळंतीण येणार असते.

पाळी बारा तासांची. बदली माणूस आला नाही तर ती चोवीस तासांवर जाते. पायलट ड्रायव्हरच्या सीटवरच पाठ टेकतात आणि पहाटे तीन वाजता धुक्यात घाट उतरवतात. रात्रपाळीला स्वच्छतागृह उघडं मिळेल याची खात्री नसते, म्हणून आम्ही बायका पाणीच कमी पितो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 10 हजार रुपये दंडाची तरतूद 2019 मध्ये कायद्यात आली, ते चांगलंच झालं. पण आतल्या माणसाला झोप मिळाली का, हे विचारणारं कुणी नाही. गाडी किती मिनिटांत पोचली याची मात्र नोंद होते.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी आहे. पाळी बदलताना ऑक्सिजनचा दाब, स्ट्रेचरचं लॉक, सक्शन, ब्रेक, टायर आणि पायलटची विश्रांती यांची लेखी तपासणी व्हावी. त्यातलं काही नीट नसेल तर डॉक्टर आणि पायलट यांना गाडी थांबवण्याचा अधिकार असावा. त्यासाठी पगार कापला जाऊ नये, खुलासा मागितला जाऊ नये.

यावर विचारलं जाईल की दुर्गम तालुक्यातली एकुलती एक गाडी थांबवली तर रुग्णांनी करायचं काय? प्रश्न रास्त आहे. पण गाडी येणार म्हणून घरचे लोक गावातली जीप परत पाठवतात आणि आम्ही येतो ते अपुरा ऑक्सिजन घेऊन. यात रुग्णाचं दोन्हीकडून नुकसान होतं. सकाळी आठला दोष कळला तर दहापर्यंत सिलिंडर बदलता येतो, शेजारच्या केंद्रावरची गाडी मागवता येते. रात्री दोन वाजता घाटात यातलं काहीच करता येत नाही.

आरोग्य खात्याने पुढच्या प्रत्येक करारात हा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहावा आणि प्रत्येक थांब्यावर एक खोली, एक खाट व कुलूप नसलेलं स्वच्छतागृह द्यावं. नव्या गाड्या जरूर घ्याव्यात, पण आहेत त्या आधी नीट कराव्यात. लोकप्रतिनिधींना विनंती आहे की लोकार्पणाची फीत कापून झाल्यावर गाडीचं मागचं दार उघडावं, आत चढावं आणि सिलिंडरचा काटा स्वतः बघावा.