ब्रेक की गियर?

बंगळूरच्या शिवाजीनगरात मोटार हाकावयाची म्हणजे उजवा पाय सदैव ब्रेकपाशी हवा. रसेल मार्केटासमोरील भाजीचे गाडे, बसस्थानकाकडे वळणाऱ्या बसगाड्या आणि कोठूनही धावत येणारी मुले! येथे वेग आवरण्यासाठी दर वेळी खालचा गियर टाकण्यात शहाणपण नाही. ब्रेकचे पॅड झिजले तर थोडक्या खर्चात बदलता येतात. क्लच झिजला तर गियरबॉक्सच उतरवावा लागतो. शिवाय ब्रेक दाबताच मागचा तांबडा दिवा लागतो. नुसत्या गियरने तो लागत नाही, आणि मागून येणारा बेसावध राहतो.

हीच सवय घाटात मात्र घात करते. आमच्या परिचयाचे येथलेच एक गृहस्थ सहकुटुंब नंदी टेकडीवर सूर्योदय पाहावयास गेले होते. परतताना पेट्रोल वाचावे म्हणून त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये घातली आणि ब्रेकवर पाय ठेवून ते वळणे उतरू लागले. निम्म्या वाटेवर जळका वास आला. पेडल मऊ लागू लागले. मागे मातोश्री आणि दोन मुले. हँडब्रेक ओढीत, कसाबसा गियर टाकून त्यांनी गाडी डोंगराच्या अंगास टेकविली.

असे का व्हावे? हजार किलोची मोटार चारशे मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे बारा लिटर पाण्यास उकळी फुटावी इतकी ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. न्यूट्रलमध्ये ती बहुतेक सारी ब्रेकच्या वाट्यास येते. पॅडची पकड ढिली होते. ब्रेकचे तेल जुने होऊन त्याने ओलावा शोषला असेल, तर ते उकळते, त्यात वाफ धरते आणि पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही. खालच्या गियरात मात्र चाकांना इंजिन फिरवावे लागते, आणि इंजिनच गाडीस मागे ओढून धरते. पेट्रोल वाचविण्याचा हिशेबही चुकीचाच. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरात असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये ते जळत राहते.

म्हणून उतार लागण्यापूर्वीच, वेग कमी असताना, दुसरा गियर टाकावा. ब्रेक अधूनमधून नेटाने दाबून सोडावा. सतत चेपून ठेवू नये. भरधाव गाडीत एकदम खालचा गियर टाकणेही धोक्याचेच, कारण चाके घसरतात.

आमच्या त्या गृहस्थांच्या मातोश्री हल्ली पुढच्या आसनावर बसतात आणि उतार दिसला की विचारतात, "दुसरा टाकलास का रे?"