तिला एवढा वेळ का लागतो?

गेला वीकेंड पावसामुळे घरातच गेला. लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून बायकोच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं. जेनिफर क्रूझीचं 'बेट मी', २००४ सालची अमेरिकन प्रेमकथा. हसू नका! मीसुद्धा नाक मुरडतच सुरू केलं आणि रात्री दोन वाजता संपवलं.

गोष्ट अशी आहे. मिनर्व्हा डॉब्ज, म्हणजे मिन, अ‍ॅक्च्युअरी आहे. कशाची शक्यता किती, याचे हिशेब करणं हेच तिचं पोट भरायचं साधन. अंगाने जरा भरलेली, आणि आई तिचा घास न् घास मोजणारी. बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे उरलेले असताना बॉयफ्रेंड हिला सोडतो. वर तोच बॉयफ्रेंड बारमध्ये कॅल मॉरिसीशी पैज लावतो, की महिन्याभरात हिला पटवून दाखव, दहा हजार डॉलर देतो. कॅल देखणा, गोडबोल्या आणि प्लेबॉय म्हणून प्रसिद्ध. पण तो या पैजेला नाही म्हणतो, फक्त तिला जेवायला नेण्याची दहा डॉलरची पैज घेतो. मिनच्या कानावर नेमकी अर्धीच गोष्ट पडते.

साहजिकच पुढे बराच काळ ती त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आणि वाचताना मी सारखा तिच्यावर वैतागत होतो. अगं बाई, किती अंत बघशील त्याचा?

मग लक्षात आलं की लेखिका आपल्याला कॅलच्या डोक्यात नेऊन बसवते. त्याने मोठी पैज नाकारली हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. आपल्याकडे सर्व्हरचे लॉग आहेत, मिनकडे फक्त स्क्रीन. तिच्या जागी कुठलीही शहाणी मुलगी हेच करेल. मिन तर शक्यतांचे हिशेब करूनच पगार घेते!

ही काही क्रूझीची एकटीची युक्ती नाही. सुधारलेला रंगेल पुरुष उत्तम नवरा होतो, हा समज घातक आहे असं सॅम्युअल रिचर्डसनने १८व्या शतकात 'क्लॅरिसा'च्या प्रस्तावनेतच बजावलं होतं. कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. या कादंबऱ्यांमध्ये त्याचा भूतकाळ म्हणजे त्याचं ग्लॅमर, आणि तिचा सावधपणा म्हणजे आजार, जो शेवटच्या पानापर्यंत बरा व्हायलाच हवा. क्रूझी त्यातल्या त्यात न्यायी आहे. तिचा कॅल नुसता बोलत नाही, मिनला पोटभर खाऊ घालतो, ऐकून घेतो. तरी पहिल्याच प्रकरणात तिने त्याला क्लीन चिट देऊन ठेवलीय ती ठेवलीयच.

हे मला एवढं लागायचं कारण वेगळं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या रूममेटला आमच्या ऑफिसमधली एक मुलगी आवडली. त्याचा इतिहास सगळ्या फ्लोअरला पाठ होता. तिने मला कँटीनमध्ये गाठून विचारलं, "तू राहतोस ना त्याच्याबरोबर, खरं काय ते सांग."

"तो बदललाय गं, एक चान्स दे," मी म्हणालो.

मला काय माहीत होतं? तीन महिने तो वेळेवर घरी येत होता, एवढंच. तिने सहा महिने मागितले. मी तिला 'ओव्हरथिंकिंग करतेस' म्हणालो. आमच्याकडे डेव्हलपर 'फिक्स केलंय' म्हणाला म्हणून कुणी बग क्लोज करत नाही, टेस्टर परत चालवून बघतो. पण तिथे मी टेस्टरवरच चिडलो होतो. चौथ्या महिन्यात रूममेटने नाद सोडला.

पुढे त्याने दुसरीशी लग्न केलं. आज दोन मुलं आहेत, संसार छान चाललाय. खरंच सुधारला. इतकी वर्षं मी हा तिच्या चुकीचा पुरावा धरून चाललो होतो.

परवा पुस्तक संपल्यावर हे सगळं बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, बदलला होता ना तो? मग अजून दोन महिने थांबायला काय झालं होतं त्याला?"

मी पुस्तक कपाटात ठेवून आलो.